बैलाकरवी निरोप

काय काम करता असं कुणी विचारलं की मी सांगते, मूठ. शहरातल्या माणसाला वाटतं ही बाई मारामाऱ्या करते की काय. म्हणून आधी तेवढं उलगडून सांगते.

आमच्याकडं पेरणी तिफणीनं व्हायची. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं लाकडी अवजार. त्याला खाली तीन फण. प्रत्येक फणाला मागून एक पोकळ नळी आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीला येऊन मिळतात. त्या वाटीला म्हणायचं चाडं. गडी तिफण दाबून धरतो आणि बैल हाकतो. बाईनं ओट्यात, म्हणजे पोटाशी खोचलेल्या पदरात, बी घ्यायचं, तिफणीच्या बरोबरीनं चालायचं आणि मुठीतून चाड्यात बी सोडत राहायचं. ते नळ्यांतून उतरून तीन ओळींत मातीखाली जातं. ऐकायला एवढंच. पण मूठ घट्ट झाली तर पीक विरळ, सैल झाली तर दाट, आणि लक्ष उडालं तर खाडा. बी सुटायला हवं ते बोटांच्या फटीतून, बैलाच्या पावलाबरोबर. हात ओला चालत नाही, बी चिकटतं. ज्वारीच्या बियाला गंधक चोळलेलं असतं, त्यामुळं पेरणीच्या दिवसांत कितीही हात धुवा, भाकरीला गंधकाचाच वास. आमच्या घरात त्या वासाला कुणी नाक मुरडलं नाही. उलट तो आला की घरातली माणसं जरा शहाण्यासारखी वागायची.

माझं माहेर कडा या गावाच्या बाजूचं. ज्वारीचा मुलूख, तिथं आईनं मूठ शिकवली. लग्न होऊन केज तालुक्यात आले, नांदूरघाटापासून जवळच्या खेड्यात, ती ही मूठ घेऊनच. सासरी थोडी शेती, गावात किराणा. दुकानात सासरे बसायचे. मला तराजूपेक्षा तिफण बरी वाटली. दोन-चार पेरण्या झाल्यावर माझी मूठ बरी पडते असं गावात बोललं जायला लागलं, आणि लोक बोलवायला यायला लागले. मृगात सोयाबीन, तूर. हस्तात ज्वारी, करडई. मधल्या दिवसांत खुरपणं, काढणं, पाखडणं हे सगळ्या बाया करतात तसंच. पण पेरणीच्या दिवसांत मात्र मी जरा भाव खाऊन घ्यायची.

गिऱ्हाईकं एकेक. नांदूरघाटच्या बाजूला एक म्हातारे होते, त्यांना पेरताना कुणी बोललेलं चालायचं नाही. बी बिचकतं म्हणायचे. आम्ही दिवसभर तोंड मिटून पेरायचो आणि ते स्वतः बांधावर बसून अख्ख्या गावाच्या भानगडी मोठमोठ्यानं सांगायचे. त्यांच्या आवाजाला बी बिचकत नसावं. अलीकडं एकानं मोबाइलवर माझं शूटिंग केलं. "मावशी, परत एकदा टाका, आवाज आला न्हाई," असं तो एकाच जागी म्हणत राहिला. मीही हौसेनं टाकत राहिले. पुढं त्या जागी ज्वारीचं झुडूप उठलं आणि त्याच्या बापानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "महानंदाबाई, तिथं काय जत्रा होती का?"

पेरणीचं हेच आहे. भाजी खारट झाली तर रात्रीपर्यंत विषय संपतो. पेरणीतली चूक उगवते, वाढते आणि कणीस येईपर्यंत रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

पण जी पेरणी मी कधी विसरणार नाही ती दुसऱ्याच्या रानातली नाही. आमच्याच रानातली आहे.

माझे मालक नागनाथ आणि माझे धाकटे दीर बसलिंग, दोघं सख्खे भाऊ. वाटण्या सुखासुखी झालेल्या. रानाला रान लागून, गोठ्याला गोठा लागून, मधे एक भिंत. दोघांचीही शेती बैलजोडी ठेवण्याइतकी नव्हती, म्हणून दोघांनी एकेक बैल ठेवला होता. काम निघालं की दोन्ही बैल एका जुवाला. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. याला आमच्याकडं वारंगुळा म्हणतात. आमचा बैल लालकंधारी, रंगानं तांबडा, त्याचं नाव गुलाब. भाऊजींचा देवणी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, त्याचं नाव बादशा. ही जोडी दिसायला अशी विजोड होती की बाजाराला जाणारे लोक गाडी थांबवून बघायचे. कामाला मात्र एक. गुलाब नेहमी डावीकडं, बादशा उजवीकडं. वर्षानुवर्षं.

त्या साली पोळ्याला दोघा भावांनी बैल ओढ्यावर धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. मी आणि माझी जाऊ सुरेखा, आम्ही पुरणपोळीचा घास दोन्ही बैलांना भरवला. मिरवणूक छान झाली. भाऊजींनी मोबाइलवर फोटो काढले आणि संध्याकाळी त्यातला एक स्टेटसला ठेवला. त्यात बादशा होता. वर लिहिलं होतं, "आमचा बादशा. एकटा पुरे."

गुलाब नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. फोटो कापताना त्याचा एक कान कडेला राहून गेला होता.

आमच्या मालकांकडं साधा फोन. पण गावात दाखवणारे कमी नसतात. शेजारच्यानं आपला मोबाइल आणून त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ह्याचा कान तेवढा कावून ठिवला?"

मला वाटलं विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पारावर भाऊजी चार लोकांत बसले होते. हे तिथनं जाताना थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एकटा पुरे म्हणतोस तर एकट्यावरच पेर बे आता."

लोक हसले. भाऊजी उठून घरी आले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

आम्ही दोघी जावा मात्र बोलत होतो. गोठ्याच्या भिंतीवरून साखर, चहापत्ती, दह्याचं विरजण सगळं इकडून तिकडं जात होतं. बैलही एकमेकांना भिंतीवरून हुंगत होते. अबोला फक्त दोघांचा, आणि तोही ते इमानानं पाळत होते. समोरासमोर आले की एक आभाळाकडं बघायचा आणि दुसरा चपलेकडं. भादव्यात पाऊस लागून राहिल्यामुळं बैलांना रानात कामच नव्हतं. त्यामुळं भांडण कुणाला अडलं नाही.

अडलं ते हस्तात. पाऊस उघडला, ऊन पडलं आणि रानाला वाफसा आला. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि सोडली तर फुटावा अशी. काळ्या रानात वाफसा फार थांबत नाही. आठवडाभर कडक ऊन लागलं की जमीन भेगा द्यायला लागते आणि ज्वारीचं बी नुसतं गंधक लावून पडून राहतं. वर्षाची भाकर आणि जनावरांचा कडबा, दोन्ही त्या वाफशावर. ट्रॅक्टर बोलवावा तर आमच्या रानाकडं जाणारी पाणंद चिखलानं भरलेली आणि बाकी सगळ्या बाजूंना लोकांची तूर उभी.

आमचे मालक गेले आणि खालच्या आळीतल्या एकाचा बैल मागून घेऊन आले. गुलाबाला डावीकडं जुंपलं, पाहुण्याला उजवीकडं. गुलाबानं मान वळवून पाहुण्याकडं बघितलं आणि जो डावीकडं वळला तो वळतच राहिला. रानाच्या मधोमध तिफणीनं एक सुरेख गोल काढला. मी चाड्यावरचा हात काढून घेतला, नाहीतर त्या साली चक्राकार ज्वारी उगवली असती.

तिकडं भाऊजींनीही कुणाचा तरी बैल आणला होता. सुरेखा संध्याकाळी भिंतीपलीकडनं सांगत होती. "अक्का, आमचा बादशा दोन पावलं चालला आन खालीच बसला. उठंना. ह्यांनी त्याला गूळ दिला, गूळ खाल्ला आन परत बसला."

"मग भाऊजी काय म्हनले?"

"म्हनले, ऊन लागलं असंल त्याला."

"आमचे म्हनले, गुलाबाच्या डोळ्यात कायतरी गेलंय."

आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना तोंडाला पदर लावून हसलो. मग हसणं थांबलं, कारण दुपारी मी माती दाबून बघितली होती आणि गोळा पटकन सुटत होता. सुरेखाही तिच्या रानात तेच बघून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुलाबाला पाण्यावर नेते म्हणून सोडलं. सुरेखानं बादशाला सोडलं. पाणी पाजून आम्ही दोघांना थेट रानात नेलं आणि एकाच बाभळीला बांधलं. तिफण आणि बियाची पोती आदल्या दिवसापासून रानातच होती. मग मी घरी निरोप धाडला की आमी पेरणी सुरू करायलाव, कुणाला यायचं असंल तर या.

दोघंही आले. आमचे मालक गुलाबासाठी आले आणि भाऊजी बादशासाठी. एकमेकांसाठी कुणी आलं नाही. आमच्यात मोठ्याचं रान आधी पेरायची रीत, म्हणून तिफण यांनी धरली. मी चाड्यावर. सुरेखा मागं मोघ्यावर. मोघा म्हणजे तिफणीला दोरीनं बांधलेली वेगळी नळी, त्यातून मधेमधे करडईची ओळ टाकायची. भाऊजींना खरं म्हणजे काम नव्हतं. पण आपला बैल भावाच्या हाती सोडून घरी कसं जायचं, म्हणून ते मागून ढेकळं फोडत चालले.

जुवाखाली उभे राहिल्यावर दोन्ही बैलांनी एकमेकांचं तोंड चाटलं आणि आपापल्या बाजूनं सरळ चालायला लागले. दोन फेऱ्या शांततेत गेल्या. तिसरीला मालक म्हणाले, "गुलाब, मागच्याला सांग, ढेकळं फोडायची तर नीट फोड म्हनावं. दगडं इकडं उडायलीत."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात मागून आवाज आला, "बादशा, म्होरच्याला म्हनावं, तिफन जरा दाब. बी वरच ऱ्हायलंय, चिमण्या खातेल."

"गुलाब, म्हनावं, पेरनी मी बारकाल्यापून करतोय."

"बादशा, मला ठावं हाय म्हनावं. लहानपनी बी वरच ठिवायचा."

मी ओठ चावून धरले. मूठ चालू असताना हसायचं नसतं, कारण हसलं की हात हलतो. मागं सुरेखाकडून मोघ्याची नळी थरथरल्याचा आवाज येत होता, म्हणजे तिचंही तेच चाललं होतं. त्या ओळीला पुढं ज्वारी कशी आली ते विचारू नका. बैल मात्र शहाणे. निरोप ऐकत होते आणि कुणालाच पोचवत नव्हते.

असं दुपार डोक्यावर येईपर्यंत चाललं. मग मागून भाऊजी म्हणाले, "बादशा, मधली नळी चोंदली वाटतंय."

हे पुढं चालतच राहिले. खोडी काढायचाच निरोप असणार असं त्यांना वाटलं.

"बादशा, मधली नळी चोंदली म्हनावं."

"गुलाब, त्याला म्हनावं पानी पे आन गप बस."

माझे डोळे मुठीवर होते. धुऱ्याला, म्हणजे रानाच्या कडेला, वळलो तेव्हा मी चाड्यात वाकून बघितलं. मधल्या नळीचं तोंड बियानं गच्च भरलं होतं. खाली फणाला चिखलाचा हा एवढा गोळा. म्हणजे येतानाची मधली अख्खी ओळ मातीत रिकामी गेली होती, आणि कदाचित त्याच्या आधीचीही.

आता हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. मी ओट्यातलं बी सावरलं, मूठ मिटली आणि तिथंच धुऱ्यावर बसले.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"मधली नळी चोंदलीय. भाऊजींनी दोनदा सांगितलं."

"मला न्हाई सांगितलं."

"बरोबर हाय. मला बी न्हाई सांगितलं, बैलाला सांगितलं. मग आता बैलांनीच पेरू द्या. तुमी दोघं एकमेकाला नावानं हाक मारत न्हाई तवर ही मूठ उघडत न्हाई."

सुरेखानं मोघा खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिनं पदरानं घाम पुसला आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मी बी."

ऊन तापत होतं. समोर पेरायचं रान पडलं होतं आणि त्यापलीकडं भाऊजींचं अख्खं रान. दोघांनाही माहीत होतं की आज बी पडलं नाही तर उद्याचा भरवसा नाही. मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. हे जर असेच उभे राहिले तर मीच उठेन, असं मनात ठरवलंही होतं. पण चेहरा तसा ठेवला नाही.

मालक तिफणीला टेकून उभे. भाऊजी ढेकळावर एक पाय ठेवून उभे. बैल उभ्या उभ्या रवंथ करायला लागले. वरून एक टिटवी ओरडत गेली.

शेवटी मालक खाली बघत, हळू आवाजात म्हणाले, "बसू, ती नळी बघ बरं."

भाऊजी लगेच पुढं आले. गुडघ्यावर बसले, बोटानं चिखल उकरायला लागले, आणि उकरता उकरता म्हणाले, "दादा, मी कवाचं सांगायलोय."

"मला कुठं सांगितलं? तू बादशाला सांगितलं."

"तू गुलाबाला सांगत हुतास म्हनून."

"मी गुलाबाला सांगत हुतो, कारन गुलाबाचा कान कापलास तू."

"कान न्हाई कापला. कानच ठिवला हुता."

"तेच म्हनतोय. बाकीचा गुलाब कुठं गेला?"

भाऊजी हात झटकून उभे राहिले. "त्याच्यात दोन बैल मावंनात, दादा. आडवं मावत न्हाई त्याच्यात, उभंच मावतंय. गुलाबाचा दुसरा फोटू टाकलता मी. रेंज गेली."

"मग दुसऱ्या दिवशी टाकायचा."

"दुसऱ्या दिवशी तू पारावर माझी शोभा केलीस. मग कशाला टाकतोय मी?"

"एकटा पुरे लिहिलं कावून मग?"

भाऊजींनी वाकून फणाला उरलेला चिखल काढला. मग म्हणाले, "बरं दिसतंय म्हनून लिहिलं. सगळेच लिवतेत कायबाय."

दुसरा फोटो खरंच टाकला होता का आणि रेंज खरंच गेली होती का, हे मी सुरेखाला कितीदा विचारलं असेल. ती म्हणते, अक्का, आमच्या घरात रेंज कधीच जात नाही. पण तेव्हा तिनं पदर खोचून मोघा उचलला. आमच्या मालकांनी "रेंज गेली" हे मान्य करून टाकलं, कारण त्यांनाही कुठंतरी थांबायला जागा हवी होती.

मी मूठ उघडली. बी घामानं तळहाताला चिकटलं होतं. ते झटकून, हात मातीत कोरडा करून परत चाड्यावर उभी राहिले. रिकाम्या गेलेल्या ओळी आधी भरून घेतल्या. उरलेला दिवस दोघं भाऊ जे भांडले, ते आजूबाजूच्या रानातल्या लोकांनी काम थांबवून ऐकलं. लहानपणचा भोवरा निघाला, एकमेकांच्या लग्नातली जेवणं निघाली, वाटणीतली एक परात निघाली. पण सगळं थेट तोंडावर आणि नावानं. आमचं रान त्या दिवशी उरकलं, भाऊजींचं पुढच्या दोन दिवसांत. शेवटच्या पट्ट्यात माती कोरडी पडायला लागली होती, तिथं ज्वारी जरा उशिरानं वर आली, पण आली.

येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, आमच्याकडं सगळी घरं रानात जेवतात. कडब्याची खोप करायची, आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगा घातलेली भाजी. त्या साली दोन्ही घरांची एकच खोप केली. ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणीस अजून पानाच्या आत, वाऱ्यावर हलत होती. पाहुणे जेवायला आले की आमचे मालक त्यांना हाताला धरून रान दाखवायचे आणि भाऊजी मागून चालत त्यांच्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती करायचे. मी सावलीत पाय पसरून बसले होते. पेरणी ते काढणी या सगळ्या धावपळीत तेवढा एकच दिवस असा, की रानात असूनही आपल्याला काही काम नसतं. नुसतं बघायचं. पिकाचा एक बारीक आवाज असतो, पात्याला पातं घासल्याचा. तो एरवी ऐकू येत नाही, कारण आपण सतत काहीतरी ओरडत असतो.

नंतरच्या सालांत गुलाब म्हातारा झाला आणि आमच्याच गोठ्यात गेला. त्याला रानात पुरलं तेव्हा खड्डा दोघा भावांनी मिळून खणला. त्यानंतर भाऊजींनी बादशाला जुवाला लावलं नाही. तो भिंतीच्या कडेला बसून राहायचा आणि आमच्या रिकाम्या गोठ्याकडं नाक करून हुंगायचा. तोही पुढच्या उन्हाळ्यात गेला. दरम्यान पाणंद पक्की झाली आणि ट्रॅक्टर आला. त्याच्यामागं पेरणीयंत्र. मी पहिल्यांदा सवयीनं ओट्यात बी घेऊन उभी राहिले, तर ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जरा बाजूला सरका." त्याची काही चूक नाही. पीक छान आलं, सगळीकडं सारखं. वाईट एवढंच वाटतं की आता रस्त्यानं जाणाऱ्याला ही पेरणी कुणाची ते ओळखू येत नाही. पूर्वी कौतुक असो की शिवी, माझ्या नावानं तरी व्हायची.

गेल्या हस्तात ट्रॅक्टर रान पेरून गेला, पण विहिरीच्या कोपऱ्यात त्याला वळता येईना. तेवढा तुकडा मोकळा राहिला. मी म्हणाले, राहू द्या, कोथिंबीर टाकू. आमचे मालक म्हणाले, ज्वारीच्या रानात ज्वारीच पाहिजे. मग भाऊजी काकरी, म्हणजे बियासाठी चर, पाडायला सायकलच्या चाकाचं हातकोळपं घेऊन आले. ते एकट्यानं ढकलवेना, म्हणून पुढं दोरी बांधून मालकांनी ओढायचं ठरवलं. दोघांचीही साठी उलटलेली. एकाचा गुडघा दुखतो, एकाची पाठ.

"दाब की जरा," मालक म्हणाले.

"तू वढ आधी."

"वढतोय की. तू मागनं धरून ठिवलंस."

सुरेखा माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अक्का, ह्यांना दुपारी काय घालायचं, भाकर का कडबा?"

मी ओट्यात हात घातला आणि मूठ भरून घेतली. बोटं पहिल्यासारखी वळत नाहीत, पण बी घेतल्यावर थोडी सैल झाली. ते दोघं काकरीच्या तोंडाशी अजून घोळच घालत होते.

"चला," मी म्हणाले.

दोघंही एकदम निघाले.